उजेडातली खाच

हमरापूर, मंगळवार

प्रिय ऋतू,

काल फोनवर तू दोन वाक्यं बोललीस, त्यांची खरी किंमत एका गणपतीचे डोळे. मी डोळ्यांच्या आखणीला बसलो होतो, फोन खांद्यात दाबून. “सगळं छान आहे बाबा,” तू म्हणालीस आणि कुंचल्याची रेघ थेट गालावर उतरली. मूर्ती पुन्हा पांढरी करायला दिली. जगन हसला, “शेट, हात कवा हालला नाय तुमचा!” म्हटलं, वय झालं.

मी माती मळणारा गडी, कारखान्याचा मालक झालो तो कानांच्या जोरावर, हे तुला ठाऊकच आहे. मूर्तीवर बोटाने टकटक केलं की आतली भेग बोलते. तुझं लग्न ठरलं तेव्हा गावभर सांगत सुटलो होतो, जावई वाजवून घेतलाय, माझ्या कानातून भेग सुटत नाही.

त्याच दिवसांत तू इथे शाडूच्या धुळीत बसून मला तुझं काम समजावलंस. ताऱ्यांमधल्या धुळीच्या ढगात पाणी असतं, बर्फ होऊन कणाकणाला चिकटलेलं. ते डोळ्यांना दिसत नाही. पण मागच्या ताऱ्याचा अवरक्त उजेड त्या ढगातून येताना त्यातला ठरावीक तुकडा बर्फ खाऊन टाकतो. उजेडात खाच पडते. खाच सापडली की पाणी सापडलं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही नसलेलं बघता. किती हसलीस गो तेव्हा!

ते हसू दिवाळीपासून ऐकलं नाही. मग मीही खाचा शोधू लागलो. ढगांचा विषय नाही. पुण्याच्या तुझ्या संशोधन संस्थेचं नाव नाही. आदेशरावांचं नाव येतं, पण त्याआधी तुझा श्वास अडतो. आणि आवाजामागे खोली घुमते. फोन स्पीकरवर असतो, ऋतू. बाजूला कुणीतरी ऐकत उभं असतं.

म्हणून ही चिठ्ठी. वनिता तुमच्या वरसेत भाजी विकते, ती पालकाच्या जुडीतून देईल. वाचून जाळून टाक. गुरुवारी आदेशरावांची धाटावच्या कंपनीत पहिली शिफ्ट. ते गेले की मी टेम्पो घेऊन दारात येईन. लॅपटॉप आणि कागद घे, माझ्या शेजारी येऊन बस. मला काही सांगायची गरज नाही. माझा अंदाज चुकला असेल तर रोह्यात चहा पिऊन परत सोडीन.

पण चुकलेला वाटत नाही. लग्नाआधी त्या घरी कितीदा तरी जेवलो. दर वेळी विहीणबाईंनीच वाढलं. त्यांचा आवाज कसा आहे, मला आजही ठाऊक नाही.

तुझाच,
बाबा