पातेल्याचा पोचा आणि माझी टीव्हीवरची निवड

कामोठे, रविवार

ती. रावसाहेब मामांना सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? आई मामीच्या मोतीबिंदूची रोज चौकशी करते (माझ्याकडे, जणू ऑपरेशन मीच केलं). इकडे आम्ही बरे आहोत. पाणी एकच वेळ येतं, पण येतं. हे पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवते आहे. फोनवर लिहिलं असतं, तर तुम्ही उत्तर माझ्या व्हिडिओखाली, साऱ्या जगासमोर दिलं असतं.

मामा, विषय तोच आहे. बी.ए. झाल्यावर (घराण्यात पहिली, हे तुम्ही प्रत्येक व्हिडिओखाली लिहिता, आभारी आहे) मी लोकांना त्यांचे हक्क समजावणारे व्हिडिओ करू लागले. माहितीच्या अधिकारावरच्या पहिल्याच व्हिडिओखाली तुम्ही लिहिलंत, "पोरगी लई वाळली. आक्का, तूर मिळाली का?" आईने माझ्याच फोनवरून उत्तर दिलं, त्यामुळे ते माझ्या नावाने छापून आलं: "मिळाली. किडकी आहे."

तिथवर ठीक होतं. पण 'भांडण कोर्टाबाहेर कसं मिटवावं' या व्हिडिओखाली तुमचं आणि तुमच्या गावातल्या पंढरीमामांचं जुंपलं. विहाराच्या मोठ्या पातेल्याला पोचा कोणाच्या कार्यात पडला, तुमच्याकडे दादाच्या लग्नात की त्यांच्या नातीच्या नामकरणात? तुम्ही लिहिलंत, "माझ्याकडून गेलं तवा नीट होतं." ते म्हणाले, "नीट होतं तर चुलीवर डुलत कामून होतं?" मग अर्धं गाव उतरलं. मी मध्येच विषयाकडे वळण्याची विनंती केली, तर तुम्ही मलाच "तू लहान हायेस, गप" म्हणालात. माझ्याच व्हिडिओखाली!

हल्ली टीव्हीवाले नवे चेहरे अशा व्हिडिओंमधूनच शोधतात. कुठे लोक बोलतात ते बघतात. तर एका वाहिनीने मला महाप्याच्या ऑफिसात बोलावलं. सकाळचा कार्यक्रम आहे, दाखले, रेशन, पेन्शन यांची माहिती द्यायची. मला तो मनापासून हवा आहे, मामा. गावातल्या आपल्या केशरबाईकडे फोन नाही, टीव्ही आहे. तिच्यापर्यंत पोचायचं, तर हाच रस्ता.

मी आवाज, उच्चार, संविधानाची उद्देशिका, सगळी तयारी करून गेले. तिथल्या उन्नती मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "ए, पातेल्याचं शेवटी काय झालं गं?" कॅमेरावाला पंढरीमामांच्या बाजूचा निघाला. मेकअपवाली तुमच्या. माझी चाचणी बाजूला राहिली आणि त्या दोघांचंच लागलं. निघताना मॅडम म्हणाल्या, "टेन्शन नको घेऊ. पुढचे व्हिडिओ बघून फायनल करतो."

म्हणून हात जोडून सांगते, पातेलं विहाराचं, पोचाही विहाराचाच समजा आणि पंढरीमामांशी समेट करा. माझी निवड व्हायची तर ती माझ्या कामावर व्हावी, पोच्यावर नको. मामीला जयभीम.

तुमची भाची,
संघप्रिया

ता.क. पत्र टाकायचं आठवडाभर राहिलं. दरम्यान आईने तुम्हाला फोनवर झापलं असं कळलं, कारण या रविवारच्या व्हिडिओखाली पूर्ण शांतता आहे. विषय विधवा पेन्शनचा होता. खाली एकच माणूस बोलला. तो गाद्या विकतो.

ता.ता.क. आत्ता मॅडमचा फोन आला. "संघप्रिया, गाववाले गेले कुठे? वर साहेब विचारतायत. पुढच्या महिन्यात फायनल आहे यार!"

ता.ता.ता.क. मामा, खोटं लिहा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुम्हा दोघांना एकमेकांचं मनापासून न पटणारं अजून पुष्कळ शिल्लक असणार. समेट झाला असेल तर मोडू नका. हे पत्र पंढरीमामांना दाखवा, एका ओट्यावर बसा, मामीला चहा टाकायला सांगा आणि महिनाभर शेजारी शेजारी बसून माझ्या व्हिडिओखाली भांडा. मधूनमधून तेवढं पेन्शनचंही काही विचारा.