पृथ्वीला परत

१८ जानेवारी

अण्णा, फार दिवसांनी लिहिते आहे, रागावू नका. मागचं पत्र तुमच्या वर्षश्राद्धाला लिहिलं, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. आज संताप आवरत नाही म्हणून बसले, आणि ज्याच्यावर तो काढावा तो तुमचा धाकटा दुपारपासून माझ्याशी बोलत नाही.

संक्रांत झाली की हल्ली मेनरोडवर सेलची साथच येते. तुम्ही आपल्या दुकानात कापडाच्या ताक्यांचे उरलेले तुकडे वर्षातून एकदा स्वस्तात काढायचात. आता धाकटा सेलसाठी मुद्दाम शिवलेला माल आणतो. किंमत आधीच फुगवून छापलेली असते, तिच्यावर लाल रेघ मारली की झाली सूट. दोन धुण्यांत त्या कपड्याचा बोळा होतो आणि गिऱ्हाईक पुढच्या सेलला परत येतं. मी यावरून सारखी कुरकुरते, म्हणून यंदा त्याने माझं तोंड बंद करायला एक योजना काढली. जुने कपडे आणा, नव्यावर जादा सूट घ्या. "ताई, पर्यावरण पर्यावरण करतेस ना? घे. जुने कपडे एक पार्टी नेते आणि त्याचं पुन्हा सूत करते. पाटी तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." मी लिहिली, 'तुमचे जुने कपडे पृथ्वीला परत.' लोक पाटीचे फोटो काढत होते.

काल एक काका आले, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. पिशवीतून राखाडी सफारी काढून म्हणाले, "ओळख बघू!" कॉलरच्या आत आपल्या दुकानाची पट्टी शिवलेली होती. "तुझ्या वडिलांनी स्वतः कापड निवडून दिलं होतं. म्हणाले, साहेब, हे तुम्हाला पुरून उरेल. आता फाटायचं नावच घेत नाही. मीच फाटेन आधी." मी हसून विचारलं, मग देता कशाला? "नातवाला जॅकेट हवंय. आणि पाटी वाचली. म्हटलं, चांगल्या कामाला जाईल." त्यांनी सवलतीच्या कुपनावर नाव-पत्ता लिहिला, एकदा कॉलर सारखी केली आणि सफारी माझ्या हातात दिली. मी ती पोत्यात टाकली.

आज दुपारी पोती न्यायला टेम्पो आला. मी सहज विचारलं, याचं सूत कुठे करतात हो? ड्रायव्हर हसायलाच लागला. "सूत? ताई, वीटभट्टीवर जातंय हे. लाकडापेक्षा लय भारी पेटतं. धूर तेवढा काळा निघतो." धाकटा मागेच उभा होता. मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं? "अगं, सगळीकडे हेच चालतं. गिऱ्हाईक काय भट्टीवर बघायला जाणारे? सेल बंद केला तर पोरांचे पगार तू करणार का?" धूर करून पृथ्वीला परत! मी सगळी पोती उतरवून घेतली. "मी काय रिकामाच जाऊ?" ड्रायव्हर म्हणाला. जा म्हटलं. मग भर गर्दीत पाटी ओढून काढली. धाकटा एवढंच म्हणाला, "उद्या छापील लावतो. ती तुझ्या अक्षरात नसेल, झालं समाधान?"

पाटी हातात घेऊन उभी होते आणि तुम्ही आठवलात. मी कॉलेजात आहे, शेजारच्या दुकानाचं बघून मीही 'भव्य सूट' रंगवून दारावर लावली आहे. तुम्ही स्टुलावर चढता, पाटी उतरवता, हातावरचा रंग पंचाला पुसता. "अक्षर छान आहे," तुम्ही म्हणता, "पण पाटी लिहिणाऱ्याने आधी माल हाताळून बघावा." तेव्हा मला रडू आलं होतं. गिऱ्हाइकांसमोर बोलायची काय गरज होती, असं अजूनही वाटतं. पण आज धाकट्यावर मी त्याहून मोठ्याने ओरडले, तेही गिऱ्हाइकांसमोरच.

पोती जिन्याखाली पडली आहेत. त्यांचं काय करायचं मला कळत नाही. सफारी तेवढी काढून आणली, ती समोर खुर्चीवर आहे. कोपरापाशी किंचित चमक आली आहे, बाकी कापड जसंच्या तसं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. कपडे कुठे जातात हे मी पहिल्याच दिवशी विचारू शकले असते. तेव्हाही पोती न्यायला तो टेम्पो दारातच उभा होता. विचारलं नाही, कारण उत्तर भलतंच निघालं असतं तर पाटीवरचं ते वाक्य पुसावं लागलं असतं, आणि ते वाक्य मला फार आवडलं होतं.

उद्या: कुपनावरचा पत्ता बघून ओझरला जाणे, सफारी परत देणे, ती का परत आणली ते काकांना सांगणे.