रोज चार चक्करा

६ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
शनिवारी दुपारी हॉस्टेलच्या मागच्या पायऱ्यांवर केस वाळवत बसायची परवानगी होती. सातवीत होतो. ज्योत्स्ना एक पायरी खाली, मी एक पायरी वर. म्हणजे तिच्या केसांचा गुंता माझ्या हातात आणि भूगोलाचं पुस्तक तिच्या मांडीवर. बेटाची व्याख्या पाठ करत होतो. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग. ती म्हणाली, मग बेटावर नाकासमोर चालत सुटलं तर? मी म्हटलं, समुद्रात पडशील. ती म्हणाली, मग कडेकडेनं चालू. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि आम्ही गप्प झालो. बस, एवढंच. पन्नास वर्षं झाली. दोघींपैकी कोणीही अजून बेट पाहिलेलं नाही.

काल तिचा नागपूरहून फोन. ५ जानेवारीला कॅनडाला चालली, रुचिकाकडे, लेकीकडे. मधूनमधून येत जाईन म्हणाली. मी हो हो म्हटलं. आवाजावरून कळलं की येणार नाही. त्याआधी १८ डिसेंबरला आम्ही दोघी अंदमानला. तिने तिकिटं काढलीसुद्धा. तिथल्या एका लहान बेटावर चालायची वाट आहे. अर्धी समुद्राच्या काठाने, अर्धी जंगलातून, निघालो तिथेच परत. ४.८ किलोमीटर. वेबसाइटवर 'ईझी' लिहिलं आहे. हार्ड मूर्खांसाठी, मॉडरेट तरुणांसाठी, ईझी आमच्यासाठी. (वेबसाइटच्या इंग्रजीत तीन चुका. कळवल्या.)

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाच. घर, रेल्वे फाटक, कापसाची जिनिंग मिल, देऊळ, घर. एक चक्कर बाराशे मीटर. चार चक्करा म्हणजे अख्खं बेट.

७ नोव्हेंबर
पाचला उठले. म्हणजे जाग आली. थंडीत स्नायू आखडतात, म्हणून साडेसात. फाटकाजवळ जग जरा डावीकडे कललं. मालगाडी नुकतीच गेली होती. एवढी जड गाडी गेल्यावर जमीन हलणारच. अर्धी चक्कर. पहिल्या दिवशी पुष्कळ झाली.

दारात मंदाबाई. अठरा वर्षं माझ्याकडे कामाला आहे. काम थोडं, सल्ला फार. म्हणाली, बाई, चेहरा पांढराफटक काऊन पडला? मी म्हटलं, सनस्क्रीन.

९ नोव्हेंबर
अंकितने पुण्याहून मनगटावरचं घड्याळ पाठवलं. पावलं मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं, आणि सगळं त्याला तिकडे फोनवर दिसतं. त्याचे बाबा गेल्यापासून पोरगा माझ्यावर पाळत ठेवतो. आजची पावलं ३१२. घड्याळ बिघडलेलं असावं. तपासायला मंदाबाईच्या हाताला बांधलं.

१० नोव्हेंबर
घड्याळ ठीक आहे. ११,४०६.
अंकितचा मेसेज: आई, प्राउड ऑफ यू! लेकराचा आनंद हिरावून घेणं बरं नव्हे. शिवाय मंदाबाई माझ्याच घरात, माझ्याच कामासाठी चालते. नैतिकदृष्ट्या ती पावलं माझीच. घड्याळ तिच्याकडेच राहू दिलं.

१४ नोव्हेंबर
एक चक्कर पूर्ण. तीन विसावे. शेजारच्या वासुदेवरावांच्या कंपाउंडला धरून पाच मिनिटं उभी होते, चमेली बघत. ते तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. म्हणाले, काय मॅडम, इलेक्शनले उभ्या राहून राह्यल्या काय? घरोघरची भिंत धरून चालल्या! चिन्ह कोणतं भेटलं? मी हसले.
त्यांच्या भिंतीवर चमेली नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
ज्योत्स्नाचा फोन. दोघींसाठी सारख्या टोप्या घेतल्या म्हणे. विचारलं, किती चालतेस गं? मी म्हटलं, चार चक्करा. हे खोटं नाही. संकल्प चारचाच आहे, आणि तिने 'किती झाल्या' असं विचारलं नव्हतं. मग म्हणाली, छाये, दम-बिम लागत नाही ना? डोकं गरगरत नाही ना? मी म्हटलं, छे.
आज तीनदा गरगरलं. पैकी एकदा बसलेली होते, ते धरत नाही.

मंदाबाई फोन संपेपर्यंत दारात उभी. म्हणाली, बाई, डाक्टरले दाखवा. माह्या बहिणीच्या सासूले असंच होत होतं. मी म्हटलं, डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी काढतातच. अंदमानहून आले की जाईन. आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं, तेही पढवून ठेवलं: बाईच्या रोज चार चक्करा होतात. तिने दोनदा म्हणून दाखवलं. हुशार आहे.

२८ नोव्हेंबर
बाजाराचा दिवस. गर्दी.

२९ नोव्हेंबर
जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग. धूळ.

३० नोव्हेंबर
महिन्याच्या शेवटी नवीन काही सुरू करू नये. डिसेंबरपासून कडक.

४ डिसेंबर
चालण्याचे बूट आले. घरातल्या घरात घालून बसले. पायाला सवय व्हायला हवी.

७ डिसेंबर
घात.
मी आंघोळीला गेले होते. फोन मंदाबाईने उचलला. अंकितने विचारलं, आई कशी आहे? तिने पढवल्याप्रमाणे सांगितलं, बाईले रोज चार चक्करा होतात. तो ओरडला, चक्करा? कधीपासून? ती म्हणाली, मागच्या सात तारखेपासून. आता तं पाचबी होतात, पण बाई लय खुशीत हाये. तिच्या मते ती माझी तारीफ करून राह्यली होती.
मी फोन लावून त्याला समजावलं. चक्कर मारणं वेगळं, चक्कर येणं वेगळं. माणसाने क्रियापदाकडे लक्ष द्यावं. तो म्हणाला, क्रियापद डॉक्टरला सांग. मिळेल त्या गाडीने निघाला आहे.

९ डिसेंबर, नागपूर
डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, डोळे मिटून एका पायावर उभ्या राहा. त्यांच्या अंगावर पडले. मग छातीला तारा लावल्या, आणि दिवसभर त्या तारांसकट बसवून ठेवलं. हृदय मधूनमधून तीन-चार सेकंद थांबतं म्हणे. मी म्हटलं, विचार करत असेल. कोणी हसलं नाही.

अंकित म्हणाला, पण डॉक्टर, घड्याळात महिनाभर ठोके एकदम उत्तम दाखवत होते. मंदाबाई हट्टाने सोबत आली होती. तिने पदराखालून हात काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, थे ठोके माहे हायेत जी.
अंकितने माझ्याकडे पाहिलं नाही. अजून पाहिलेलं नाही.

१२ तारखेला पेसमेकर. मग महिनाभर प्रवास बंद. मी विचारलं, हेच नोव्हेंबरात केलं असतं तर? डॉक्टर कागद भरत होते. मान वर न करता म्हणाले, तर एव्हाना चालायला लागल्या असत्या. अठराला विमानाने गेल्याही असत्या.

१० डिसेंबर
ज्योत्स्नाला सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल. ती म्हणाली, छाये, मला बेट नको होतं गं. तुझ्याबरोबर आठ दिवस हवे होते. सांगितलं असतंस तर सिंदीला तुझ्या घरी येऊन महिनाभर उशाशी बसले असते. रिकामीच तर होते.
आता रिकामी नाही. फ्लॅट विकला, सामान न्यायला लोक येऊन राह्यले, रोज कोणते ना कोणते कागद. बारा तारखेला तासभर येऊन जाते म्हणाली. मी म्हटलं, धावपळ करू नकोस, पाच जानेवारीला मीच येते तुला विमानतळावर सोडायला. डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

११ डिसेंबर, दुपारी ३, हॉस्पिटल
घाबरण्यासारखं काही नाही. तरी व्यवस्था असलेली बरी. म्हणून लिहून ठेवते.
बूट मंदाबाईला. एक नंबर मोठे होतील. दोन मोजे घालावेत. माझी निळी शालसुद्धा तिलाच, आणि ती मागत नाही म्हणून विसरू नये.
इंग्रजी पुस्तकं शाळेला. समासातल्या पेन्सिलच्या दुरुस्त्या खोडू नयेत.
अंकितला त्याच्या बाबांचा रेडिओ. लागत नाही, पण फेकू नये. आणि त्याला सांगावं की आई त्याच्याशी खोटं बोलली ती त्याला फसवायला नाही. स्वतःला फसवताना तो मध्ये आला.
ज्योत्स्नाला ही वही. पाच तारखेच्या आत पोचती करावी. २१ नोव्हेंबरचं पान फाडू नये. ती रागावेल, रागावू द्यावं. तिकडे गेल्यावर मराठीतून रागवायला तिला कोणी नाही.