पहिल्याआधी पाचवा भाग

अहो,

अंतराळातल्या लढायांचे ते जुने सिनेमे मुलांना पहिल्या भागापासून, तुमच्यासोबतच दाखवायचे म्हणून मी चार महिने थांबले. काल तुम्ही एकदाचे सुरतहून आलात आणि मी मिरची घ्यायला गेले तेवढ्यात थेट पाचवा भाग लावलात! वर पोरांना टीव्हीसमोर सोडून स्वतः गच्चीवर फोनवर!

रिद्धी सकाळपासून "मम्मी, खिडकीमा रोबोट शे" म्हणत माझी ओढणी सोडत नाही. आणि तुम्ही काय म्हणालात? "पोरं शेतस, इसरी जातीन." विसरतील म्हणे!

मी दोघांना घेऊन म्हसावदला आईकडे जाते. संध्याकाळी तिथे पहिला भाग लावणार. खिचडी कुकरमध्ये आहे.

रिद्धी म्हणते, ती पप्पांसाठी स्वतःच्या शेजारची जागा ठेवेल. मी ठेवली नसती.

चेतना