मोरीतला वाजता नळ

अहमदनगर, मिशनचं आवार
ता. १० डिसेंबर १९४६

प्रिय यशयादादा,

सलाम. आधी माफी मागते. ह्या कागदात चुका लई निघतील. मी पाचवीतून शाळा सोडली ते तुला ठाऊकच हाय, आन हे मशीन माझ्यापेक्षा हट्टी हाय. एकेक अक्षर हुडकून बोटानं ठोकावं लागतं. दवाखान्याच्या हापिसातल्या एलिझाबेथबाई जेवायला गेल्या की तेवढ्या वेळात मला ह्यावर बसू देतात. घरी हातानं लिहिलं असतं तर आईनं विचारलं असतं कुनाला लिहितीस, आन मला खोटं बोलता येत न्हाई, नुसती मान खाली जाते.

पंधरा दिवसांमागं भिमाजीमामाचा निरोप आला, की तू सोळा तारखेला त्याचं घोडेगावचं घर सोडून मुंबईला गोदीत कामाला जानार, आन नाताळाला घरी येनार न्हाईस. आईनं ते ऐकलं. परातीत कोरडंच पीठ मळत बसली, पानी घालायचं इसरून. तिचा हात आता बरा हाय. धुन्याला पीळ घालताना थोडा दुखतो, एवढंच. पन दादा, तू जूनमधी गेलास तवापासनं तिनं मोरीतल्या नळाची तोटी एकदाबी उघडली न्हाई. आवारातल्या हौदावरून आमी घागरी आनतो. कुनी विचारलं तर म्हनते, नळ लई वाजतो, माझं डोकं उठतं. तो कुनाच्या डोक्यात वाजतो ते मला ठाऊक हाय. म्हनून मी ठरवलं, सोळा तारखेच्या आत हा नळ गप करायचा.

मला काय येत हुतं? काहीच न्हाई. तोटी बंद केली की भिंतीतनं धाड धाड धाड आवाज यायचा, म्हनून मी नळीला चिंध्या गुंडाळल्या आन सुतळीनं करकचून बांधल्या. तर मोरीतला आवाज कमी झाला आन चुलीमागं सुरू झाला. मग आईच्या जुन्या वहानेचं चामडं कापून तोटीत वायसर घातला. तो इतका जाड झाला की नळ म्हशीवानी हंबरायला लागला. शेजारची भागूबाई भिंतीपलीकडून ओरडली, अगं दीने, घरात जनावर बांधलंय का काय?

शेवटी मी आवाराचे नळ बघनाऱ्या गहिनीनाथ मिस्त्रीकडं गेले. तुला ठाऊक हाय, परक्या मानसाशी बोलायचं म्हनलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. दोनदा त्याच्या दारावरनं माघारी आले. तिसऱ्यांदा त्याच्या बायकूनंच हाक मारली. मिस्त्री पाय मोडून बाजेवर पडलाय. म्हनला, मला उठता येत न्हाई, पोरी, पन तुला हात हायेत का न्हाई? पडल्या पडल्या त्यानं सगळं सांगितलं. नळातनं पळतं पानी एकदम आडवलं की ते भिंतीवर डोकं आपटून घेतं. त्याला जरा मऊ जागा पायजे. नळाच्या टोकाला हातभर लांबीची नळी उभी जोडायची, वरचं तोंड बूच लावून बंद. तिच्यात हवा कोंडून ऱ्हाते, पानी तिच्यावर टेकतं आन शांत हुतं. नळी सैल असंल तिथं भिंतीला लाकडी गुटका ठोकायचा. जोडावर सूत गुंडाळून वर सफेद्याचा पांढरा लेप लावायचा, पानी झिरपू नये म्हनून. जुन्या नळीचा तुकडा, बूच आन पाना त्यानंच दिला. वर दम दिला, आधी आवाराची मोठी चावी बंद कर, न्हाईतर वाहून जाशील.

ती चावी बंद केली की सगळ्या ओळीचं पानी जातं. बायका काय म्हनतील ह्या धाकानं मी येळ असा निवडला की कुनीच घरी नसंल. परवाचा रविवार. घंटा झाली, सगळे उपासनेला गेले, आईला म्हनले माझं पोट दुखतंय. व्हय, तेवढं एक खोटं बोलले, मान खाली घालूनच. एक घागर भरून ठेवली, लिंबाखालचं लोखंडी झाकन उचललं आन चावी फिरवली.

मी जुना जोड सोडवला, सूत गुंडाळलं, हात सफेद्यानं भरले. तिकडं उपासनेच्या देवळात गीत चाललं हुतं. ते संपलं आन पुन्हा तेच सुरू झालं. मग तिसऱ्यांदा तेच. मी मनात म्हनले, आज ह्यांना झालंय काय? तेवढ्यात देवळाचा शिपाई कानिफनाथ पान्याचा रिकामा जग घेऊन पळत आला, हौदावर गेला, तोटी पिरगाळली, आन ओरडला, अरे पानी कुठं गेलं? हौदबी धुवायला उपसून ठेवला हुता. तवा मला आठवलं. भागूबाईच्या नातवाचा बाप्तिस्मा हुता.

दादा, मी पाना टाकला. चावी उघडावी तर आपला नळ उघडा, घरात पूर येनार. मी घागर उचलली आन कमरेवर घेऊन निघाले. नेहमी शेवटच्या बाकावर बसनारी मी, अनवानी, नाकाला सफेदा लागलेला, मधल्या वाटेनं थेट पुढं. लेकरू आरडत हुतं. सगळ्या माना माझ्याकडं. पाळकसाहेबांनी विचारलं, मुली, नळाला काय झालं? मी म्हनले, मी बंद केला. आमचा नळ वाजतो. भागूबाई फिसकन हसली. म्हनली, नळ वाजतो म्हनून माझ्या नातवाला तहानलेला ठेवतीस व्हय गं?

तवा आई उठली. कधी न्हाई ते भर उपासनेत बोलली. म्हनली, तिनं माझ्या लेकासाठी केलंय. तो आवाज यशयाला सोसत न्हाई. सहा महिन्यांत तुझं नाव तिच्या तोंडून पैल्यांदा ऐकलं. भागूबाईचं हसू जिरलं. पाळकसाहेबांनी घागरीतलं पानी वाटीत घेतलं. उपासना झाल्यावर भागूबाई आपल्या मोरीत आली, पदर खोचला, आन मी जोड आवळला तवा तिनंच नळी धरून ठेवली.

आता का लिहितेय ते सांगते, एलिझाबेथबाई येतीलच. आईनं सगळ्यांना सांगितलं हुतं की ती मोरीतल्या शेवाळावर घसरली, म्हनून तिचं मनगट मोडलं. तुला वाटतं ते तुला झाकायला बोलली. तुला वाटतं ब्रह्मदेशातल्या लढाईतनं तू कुनी दुसराच होऊन आलास, आन आईला मारलंस. पन जूनमधल्या त्या सकाळी मी चुलीपाशी हुते. मी बघितलंय. आईनं तोटी बंद केली, धाड धाड झालं, आन तू पळाला न्हाईस. तू तिला खाली पाडलंस आन तिच्यावर आडवा पडलास, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून. तुझी पाठ वर हुती. जे काय पडनार असंल ते तुझ्यावर पडावं म्हनून. हे मी त्याच दिवशी बोलायला पायजे हुतं. माझी जीभ उचलली न्हाई आन तू पिशवी घेऊन निघून गेलास. काल मी चाळीस येळा तोटी उघडली आन बंद केली, नळीला कान लावून. नुसता उसासा टाकल्यावानी आवाज येतो. सोळा तारखेच्या आधी ये. तू अंगनात उभा ऱ्हा, मी आतनं तोटी बंद करते. एकदा ऐक. मग जायचं तर जा.

तुझीच,
दीना, जिला आता सगळं आवार नळवाली म्हनतं

आत्ताच कानिफनाथ सांगत आला, आपली काळी शेळी व्याली. दोन बोकड आन एक मादी पाट. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय.