उरलेला आवाज

सोमवार
लागले एकदाची कामाला. शाळा चौथीत सुटली, पण भाचीने कॉम्प्युटर शिकवला तो कामी आला. रोज लिही, अक्षर सुधारेल, म्हणाली. म्हणून ही वही. दुकान लहान, खुर्ची मऊ, खिडकीतून छान ऊन येतं. लोक इथे घरच्यांचं बोलणं शूट करून नेतात. कॅमेऱ्यातलं चित्र वेगळं, माइकचा आवाज वेगळा. दोन्ही जोडून एक फाइल करायची, ती टीव्हीवर चालली पाहिजे. मालक म्हणाले, ओठ आणि शब्द जुळले की झालं. म्हटलं, माझ्या नवऱ्याचे जन्मात जुळले नाहीत. हसले.

बुधवार
एका म्हातारीची फाइल अडून बसली. जोडली तरी चालेना. मग कळलं, कॅमेरा मध्येच बंद पडलेला, माइक मात्र चालूच. चित्र संपलं तरी आवाज उरतोय. मालक म्हणाले, उरलेलं ऐका, त्यावर काळा पडदा लावा. कोण ऐकत बसतंय! सुरुवातीला म्हातारी खोकली तेवढं ऐकलं, आणि उरलेलं सगळंच कापून पुसून टाकलं. फाइल सुरळीत चालली.

शुक्रवार
तिची मुलगी फाइल न्यायला आली. म्हातारी काल गेली म्हणे. ही भांडून घराबाहेर पडलेली. विचारलं, "काकू, आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली का?"
"नाही गं," म्हटलं मी.
खाली मान घालून गेली. पुसलेलं परत मिळतंय का पाहिलं. नाही मिळालं.

शनिवार
एका मास्तरांची फाइल जोडली. त्यांचं बोलणं संपलं आणि मागून म्हातारीचा खोकला. पुसला. पुढच्या फाइलीतही तोच. मालकांना ऐकवलं, त्यांना काहीच ऐकू येईना. म्हणाले, कान दाखवून या.

सोमवार
आता खोकल्यानंतर "बाळे" येतं. पुढे काही नाही. पुढचं मी कापलंय. म्हातारीलाही सापडत नाही — पुन्हा मागे येते, पुन्हा "बाळे" —

मंगळवार
भाचीचा फोन. म्हणाली, मावशी, तुझा आवाज म्हातारा का वाटतोय? आरशात पाहिलं. ओठ आधी हलतात. शब्द मागून येतात.

बुधवार
म्हातारीच्या मुलीला बोलावलंय. पाया पडून खरं सांगणार — आई बोलली होती, मीच —

आली. तोंड उघडलं तर आधी खोकला. मग "बाळे". माझा नाही आवाज. ती थिजली. म्हणाली, "आई?"

डावा हात तिने घट्ट धरलाय. उजव्याने लिहितेय, तेवढाच माझा उरलाय. रडतेय ती. पुढे बोल ना आई, म्हणतेय. पुढचं कुठून आणू — मीच पुसलं गं — तोंड मिटत नाही —

बाळे
बाळे
बा—