ल्यूडर्सआजींच्या कोंबड्या

४ फेब्रुवारी, मंगळवार
पाचांतली एक गेली. पांढरी.
सव्वा अकरा. मी वरच्या खोलीत कॉलवर, आणि खाली शेजारच्या ल्यूडर्सआजींच्या अंगणात एकदम कालवा. खिडकीतून बघते तर पांढरी गवतावर आडवी, वर एक करडा पक्षी पंख पसरून बसलेला. मी काच बडवली. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. धावत खाली पोचेपर्यंत पिसंच पिसं. हाकलला तर बर्चच्या झाडावर जाऊन बसला. गेला नाही. बसून राहिला.
आजींना स्ट्रेचरवरून नेत होते तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली होती. मांडीचं हाड मोडलेलं, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाल्या काय, "माइने मेडेल्स." माझ्या पोरी. मी म्हटलं, काळजी करू नका.
संध्याकाळी हॉस्पिटलातून त्यांचा फोन. पोरी कशा आहेत? "आलेस गुट," सगळं छान, म्हणाले मी. निघूनच गेलं तोंडातून.

५ फेब्रुवारी
त्या पक्ष्याला इथे हाबिश्ट म्हणतात. अप्पा म्हणाले, "अगं, हा आपला शिक्राच. पण केवढा! आपल्याकडचा कबुतराएवढा असतो." अप्पांना येऊन तीन आठवडे झाले, एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलले. सासूबाई गेल्यापासून लेकाशी, निशांतशी, फोनवरसुद्धा हो-नाही एवढंच चालायचं. म्हणून तर बोलावून घेतलं त्यांना, आणि इथे येऊन दिवसभर हीटरजवळ खुर्ची.
आज मात्र जेवण झाल्यावर मफलर गुंडाळून आजींच्या अंगणात. फिरून मोजमाप घेत होते, पावलांनी. पस्तीस वर्षं लाइनमन होते, खांबावर चढून तारा ओढल्या. म्हणाले, "वरून जाळी टाकू. दोन दिवसांचं काम."

८ फेब्रु., शनि.
निशांत आणि अप्पा बाऊमार्क्टमधून जाळी, तार, खुंट्या घेऊन आले. बाप-लेक दिवसभर बाहेर. नि. शिडी धरतो, अप्पा ओरडतात. "ताण दे! अरे, ताण म्हणजे ताण!" किती महिन्यांनी हे ऐकलं.
आमच्या लेकीचा, इराचा ससा आजपासून घरात. गवतावरचा पिंजरा उचलला. इरा रुसली. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये रुसते.
आजींचा फोन. मी घेतला नाही. कामात होते असं नाही.

११ फेब्रु.
दुसरी. तपकिरी, जी अप्पांच्या हातातून दाणे खायची.
जाळीचं एक टोक बांधायचं राहिलं होतं, कुंपणाच्या बाजूला, हातभर. तिथून आत शिरला. अप्पा दहा पावलांवर होते. ओरडले, हातातली पक्कड फेकून मारली. तरी त्याने सोडली नाही. अप्पा अगदी जवळ गेले तेव्हा कुठे.
घरात आले, हात धुतले, पुन्हा धुतले. जेवले नाहीत. मी म्हटलं, अप्पा, तुमची काय चूक? तर म्हणाले, "टोक मीच सोडलं होतं, केतकी. उद्या करू म्हणून."
मला वाटलं ते फक्त कोंबडीबद्दल बोलत नव्हते. सासूबाईंचं दुखणं त्यांनी असंच, पुढच्या आठवड्यात दाखवू, पुढच्या आठवड्यात... विचारलं नाही मी.

१२ फेब्रु.
पलीकडचे शेजारी बोडे कुंपणाशी आले. सत्तरीचे, एरवी सकाळी फक्त 'मोर्गन' म्हणतात. म्हणाले, माझ्या शेडमध्ये पिंजरा आहे, वडिलांच्या वेळचा. आत कबूतर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पक्षी आत. मग बोटांनी मान पिरगाळून दाखवली. "कोणाला कळतं?"
मी म्हटलं, कायद्याने बंदी आहे ना?
"गेनाऊ," अगदी बरोबर, म्हणाले आणि हसले.
नि. ऐकून भडकला. नागरिकत्वाचा अर्ज आमटात, सरकारी कचेरीत पडलाय, त्यात पोलिसांची भानगड नको. बरोबर आहे त्याचं. पण मी दिवसभर त्या पिंजऱ्याचा विचार केला हे त्याला सांगितलं नाही.

१५ फेब्रु.
जाळी पूर्ण. अप्पा रोज सकाळी सगळीकडून ओढून बघतात. तिघी आत, घाबरलेल्या, अंडी बंद.
तो बर्चवर असतोच. मी कॉलवर बोलताना एक डोळा तिकडे. काल टीमलीडने विचारलं, केतकी, सगळं ठीक ना? हो, हो, म्हटलं.
आजी आता रिहॅब सेंटरमध्ये. फोनवर विचारलं, हिल्डे अंडी देते का? हिल्डे म्हणजे पांढरी. "थंडी आहे," म्हटलं मी. म्हणजे खोटं नाही. म्हणजे खोटंच.

१८ फेब्रु., मंगळ.
हाताला पट्टी, अक्षर वाचता येईल न येईल.
सकाळी नऊ. अप्पांची हाक. तो जाळीत अडकला होता. वरून झेप घेतली असणार. एक पंख आणि दोन्ही पाय जाळीच्या घरांत, उलटा लोंबकळत, चोच उघडी. खाली तिघी कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या.
बोडेंनी आवाज ऐकला, आले. हात पुढे केला. "मला द्या. दोन मिनिटांचं काम. तुम्ही आत जा." मी अप्पांना मराठीत सांगितलं ते काय म्हणतात ते. अप्पा वळले. घरात गेले. मला वाटलं, झालं, मला ठरवायला सोडून गेले. आणि मी खरंच बोडेंकडे बघून मान हलवणार होते. लिहून ठेवते, हलवणार होते.
अप्पा आले ते आंघोळीचा टॉवेल आणि कात्री घेऊन. टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला. "पाय धर. वरून, घट्ट. सोडू नकोस." मी बागेचे हातमोजे घालून धरले. नखी मोज्यातून तळहातात गेली. अप्पा एकेक घर कापत होते, स्वतः आठवडाभर बांधलेली जाळी. बोडे "फेरुक्ट, फेरुक्ट", वेडे आहात, म्हणत निघून गेले.
केवढा हलका! या प्राण्याने आमची झोप उडवली आणि वजन तांदळाच्या किलोच्या पुड्याएवढं.
टॉवेल काढला. नारिंगी डोळा. मग हातातून गेला, कुंपणावरून, बर्चवरून, शेतापलीकडे.
विचारलं, अप्पा, का सोडला? म्हणाले, "अडकलेल्याला काय मारायचं." पण मी का धरले पाय? दया होती की आमटाची भीती? दोन्ही असेल. तिसरंही काही असेल.
हाताला तीन टाके. इरा शाळेतून आली, पट्टी बघून पहिला प्रश्न, "कॉम्ट एअर वीडर?" येणार का परत? माहीत नाही, म्हटलं.

२० फेब्रु.
आजींना भेटायला गेलो, मी आणि अप्पा. बसमध्ये वाक्य पाठ करत होते. तिथे गेल्यावर सगळं विसरले, सरळ सांगितलं. दोन गेल्या. हिल्डे पहिल्याच आठवड्यात. मी खोटं बोलले.
आजींनी पांघरूण वर ओढलं. मग, "दुसरी कोण?"
तपकिरी, म्हटलं. नाव मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, एल्झे. एवढंच.
मग पट्टी दिसली, विचारलं. तेही सांगितलं. मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल त्यांना.
"तुमच्या हातात होता?"
हो.
"हातात होता आणि सोडलात."
भिंतीकडे तोंड केलं. अप्पांना शब्द कळले नाहीत, बाकी सगळं कळलं. उठून त्यांनी आजींना हात जोडले. आजींनी बघितलंच नाही.
बसमध्ये अप्पा म्हणाले, "रागावू दे त्यांना. हक्क आहे." मग स्टॉपजवळ, "तू सांगितलंस ते बरं केलंस." झोप नाही.

२३ फेब्रु., रवि.
आजींच्या मुलाचा फोन. आजी शुक्रवारी घरी येणार, वॉकर घेऊन. आजींचा निरोप: "मी येईपर्यंत खुराडं उघडायचं नाही." म्हटलं बरं.
जाळीत भोक आहेच. नवी जाळी मंगळवारपर्यंत नाही.

२४ फेब्रु., सोम.
तिघी जाळी कापल्यापासून खुराड्यात. सकाळी दाणे टाकायला गेले तर काळीच्या पाठीची पिसं गेलेली, रक्त. बाकीच्या दोघी टोचतायत. अप्पा म्हणाले, "कोंडून ठेवल्या तर आतच मरतील." मी म्हटलं, आजींनी नको सांगितलंय. "मग विचार त्यांना."
फोन केला. दोनदा. उचलत नाहीत.
अप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. या वेळी मलाच सांगायचं होतं. उघडा, म्हटलं.

११.०५. खिडकीत बसून लिहितेय. कॉल म्यूट, कोणीतरी तारखांबद्दल बोलतंय. अप्पा अंगणाच्या मधोमध उभे, मफलर, हातात झाडू. काळी आधी बाहेर आली, मग दोघी. गवत उकरतायत, जसं काही झालंच नाही. बर्च रिकामा. बरं वाटायला हवं.
आजींचा मिस्ड कॉल. आत्ताच. लावते...
शेतावरचे कावळे एकदम उठले, सगळे. अप्पांनी मान वर केली. तोच आला का? मला इथून काही दिसत नाही. आजींकडे फोन वाजतोय. फोन घेऊनच खाली जाते.